बिघाड, बंदोबस्त आणि बातमी : प्रस्तावना

संगणक वापरणारा मनुष्य आणि संगणक जाणणारा मनुष्य ह्या दोन व्यक्ती ह्या विद्येच्या आरंभकाळी भिन्न नव्हत्या. ज्याने यंत्र चालवावे त्यानेच ते जोडावे, बिघडल्यास उघडावे आणि आत काय आढळले ह्याची नोंद वहीत करावी, अशी त्या काळची रीत होती. पुढे यंत्र लहान झाले, स्वस्त झाले, प्रयोगशाळेतून कचेरीत, कचेरीतून घरात आणि घरातून खिशात आले; परंतु ते जाणण्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर तेवढा प्रवास करू शकली नाही. निवृत्तिवेतन, शेताचा सातबारा, मुलांचा शाळाप्रवेश आणि आयुष्यभराची शिल्लक ह्या साऱ्यांचा व्यवहार आज ज्या यंत्राच्या द्वारे होतो, त्या यंत्रासंबंधी त्याच्या धन्याला पुष्कळदा एवढेच ठाऊक असते की ते कधी चालते आणि कधी चालत नाही. वापर आणि ज्ञान ह्यांच्यात पडलेले हे अंतर हा प्रस्तुत संग्रहाचा विषय आहे, आणि ते सामान्य वाचकाला आपल्या भाषेत व आपल्या बुद्धीने पुष्कळ अंशी कमी करता येते, ही त्यामागची श्रद्धा आहे.

ह्या विषयाच्या तीन शाखा मानण्याचा प्रघात आहे : दैनंदिन बिघाडांचे निवारण, इंटरनेटवरील सुरक्षितता आणि तंत्रज्ञानविषयक वार्ता. पहिली कारागिरांची, दुसरी तज्ज्ञांची व पोलिसांची, तिसरी वृत्तपत्रांची, अशी त्यांची वाटणीही रूढ झाली आहे. ही वाटणी सोयीची खरी. तथापि तिच्यामुळे मुळातील ऐक्य दृष्टीआड होते, असे माझे मत आहे. यंत्राच्या नित्याच्या वागण्यात पडलेला लहानसा फरक ध्यानात घेणे, तो का पडला ह्याचा शांतपणे विचार करणे, आणि उत्तर हाती येईपर्यंत घाईने कोणतेही पाऊल न उचलणे, ही एकच सवय तिन्ही शाखांच्या मुळाशी आहे. जो ती अंगी बाणवतो तो छपाईयंत्रात अडकलेला कागद, बनावट संदेश आणि अतिरंजित बातमी ह्या तिहींसमोर सारख्याच स्थिरपणे उभा राहतो. ह्या सवयीचे शत्रू दोन : भय आणि लाज. भयाने मनुष्य विचार सोडतो, लाजेने तो प्रश्न विचारीत नाही. आणि ह्या दोहोंचा फायदा घेणारे लोक आज फार आहेत.

बिघाडाचा इतिहास यंत्राइतकाच जुना आहे. १९४६ साली फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या एनिॲक ह्या यंत्रात १७,००० हून अधिक निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांपैकी एक जरी जळाली तरी उत्तर चुकण्याचा संभव असे. त्यामुळे नळी शोधून बदलणे हा त्या यंत्राच्या चालकांच्या नित्यकर्माचाच भाग होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ ह्या यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग काढून तेथील लोकांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवला, व शेजारी हकीकत लिहून ठेवली. ते पान आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेले आहे. ह्या प्रसंगातील विनोद सर्वांना आठवतो; मला त्यातील शिस्त अधिक मोलाची वाटते. बिघाड सापडला म्हणून काम संपले असे न मानता त्यांनी वेळ, जागा आणि पुरावा ह्यांची नोंद केली. केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक हे यंत्र उभे करणारे मॉरिस विल्क्स ह्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे की, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्या सुमारास एकाएकी उमगले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा तेथील अभियंत्यांनीही ह्या विद्येचा धडा स्वतःच्या हातांनी घडवलेल्या यंत्रावर गिरवला.

हा सारा काळ तज्ज्ञांचा होता. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत बिघाडाचा भार तज्ज्ञाच्या खांद्यावरून गृहस्थाच्या खांद्यावर उतरला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांना खुली केली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांतील विद्यार्थ्यांना, गृहिणींना व सरकारी नोकरांना संगणकासमोर बसवले. ह्या प्रयत्नाचे ऋण मोठे आहे. परंतु अभ्यासक्रमाने शिकवता येतो तो यंत्राचा सुरळीत मार्ग. तो मार्ग जेथे खुंटतो तेथून पुढे काय करावे, हे शेजारच्या मुलाकडून किंवा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातून शिकावे लागते, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

बिघाड शोधण्याच्या पद्धतींचा विचार केला तर तीन संप्रदाय स्पष्ट दिसतात. पहिला नियमावलीचा : अमुक संदेश दिसल्यास तमुक करावे, अशी कोष्टके उत्पादक छापून देतात आणि मदतकेंद्रावरील कर्मचारी ती वाचून दाखवतो. दुसरा अदलाबदलीचा : संशयित भाग काढून दुसरा लावावा, आणि तरीही न जमल्यास सर्व पुसून व्यवस्था नव्याने बसवावी. तिसरा कारणमीमांसेचा : दोष पुन्हा घडवून पाहावा, तो शेवटी कधी नव्हता आणि त्यानंतर काय बदलले हे आठवावे, संशयाचे क्षेत्र दर खेपेस निम्मे करीत जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा. पहिल्या दोहोंना त्यांचे स्थान आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सर्वपरिचित इलाजही निराधार नाही. स्मृतीत साचलेल्या अर्धवट अवस्था त्याने निघून जातात आणि यंत्र एका ज्ञात स्थितीत परत येते, म्हणून तो पुष्कळदा लागू पडतो. मात्र तोच दोष पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर कारण अजून जागेवर आहे हे ओळखले पाहिजे, आणि तेथे तिसऱ्या संप्रदायावाचून गत्यंतर नाही. निष्णात वैद्य जसा औषधाआधी रोग्याचा पूर्ववृत्तांत विचारतो, तसा यंत्राचा पूर्ववृत्तांत विचारणे हे ह्या संप्रदायाचे मर्म होय.

ह्या कारणमीमांसेचे एक उदाहरण येथे विस्ताराने देतो, कारण त्यात पहिल्या दोन शाखा एकत्र येतात. जुन्या संगणकावर एके दिवशी बँकेचे, टपाल खात्याचे, विद्यापीठाचे, किंबहुना बहुतेक प्रत्येक संकेतस्थळ उघडेनासे होते आणि ‘आपली जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा पडद्यावर येतो. गृहस्थ घाबरतो, आपल्यावर कोणी हल्ला केला असे त्याला वाटते. वस्तुतः संगणकाच्या मुख्य फलकावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, आणि यंत्राला वीज मिळत नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की घड्याळ मागे, कधीकधी अनेक वर्षे मागे जाते. इकडे प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र सादर करते, त्यावर अंमलाची सुरुवात व अखेर अशा दोन तारखा असतात. संगणकाच्या मते आजचा दिवस त्या मुदतीच्या आधीचा ठरला, म्हणजे तो ते प्रमाणपत्र नाकारतो. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहणाऱ्याला हे निदान तत्काळ होते, आणि थोड्या रुपयांत इलाज होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो एक तर इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची घातक सवय लावून घेतो, नाही तर अनोळखी मदतनिसाच्या हाती आपले यंत्र सोपवतो.

मराठी वाचकाला आणखी एक बिघाड निकटचा आहे. वर्षानुवर्षे जपलेला हस्तलेख, संस्थेचा वार्षिक अहवाल किंवा एखादा दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर उघडावा, तर देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. मजकूर नष्ट झाला असे समजून लोकांनी अशी दप्तरे पुसूनही टाकली आहेत. कारण असे की संगणक अक्षर साठवीत नाही, क्रमांक साठवतो. आणि कोणत्या क्रमांकाने कोणते अक्षर समजावे, ह्याचा प्रत्येक फाँट-निर्मात्याचा करार पूर्वी निराळा होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला सर्वमान्य क्रमांक मिळाले. त्याच सुमारास पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांत भारतीय लिप्यांचे कामही जोमाने चालले होते. तरीही आपल्याकडे मुद्रणव्यवसायात व सरकारी कचेऱ्यांत जुने फाँट दीर्घकाळ टिकून राहिले. तो जुना मजकूर मूळ फाँट बसवल्यास किंवा परिवर्तकातून काढल्यास बहुधा सुखरूप परत मिळतो. एवढे एक कारण समजल्याने एखाद्या ग्रंथालयाचे वा ग्रामपंचायतीचे दप्तर वाचू शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

सुरक्षिततेचा इतिहास बिघाडाच्या इतिहासातूनच फुटलेली फांदी आहे. संगणकात पासवर्डाची व्यवस्था प्रथम रुजवणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे फर्नांडो कॉर्बाटो अग्रणी होत. आणि १९६० च्या दशकात त्यांच्याच यंत्रावर एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत असता त्या फायलींची अदलाबदल झाली व सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या टर्मिनलवर छापले गेले. तेथे शत्रू कोणी नव्हता. होता तो केवळ एक बिघाड. ह्याच्या उलट प्रसंग १९८६ सालचा. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल ह्या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकवापराच्या हिशेबातील ७५ सेंटांची तफावत शोधण्याचे काम आले. एवढ्या क्षुद्र रकमेकडे कोणीही डोळेझाक केली असती. स्टॉल ह्यांनी केली नाही. त्या तफावतीचा माग काढताना एक अनधिकृत खाते सापडले, त्या खात्यामागे जर्मनीतून लष्करी संगणकांत शिरणारा एक मनुष्य सापडला, आणि तो ती माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकणाऱ्या टोळीपैकी असल्याचे उघड झाले. हिशेबनिसाच्या चिकाटीने केलेला बिघाडाचा शोध हेच सुरक्षाशास्त्राचे आद्यरूप आहे, ह्याचा ह्याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

त्याच १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपी तबकड्यांवरून जगभर पसरला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद केला होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली, आणि त्या धक्क्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात आणीबाणीच्या वेळी मदत करणारे पहिले पथक उभे राहिले; त्याच धर्तीवर आपल्याकडे २००४ साली सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा सुरू झाली. दरम्यान फ्रेड कोहेन ह्यांनी गणिताच्या आधारे सिद्ध केले होते की, प्रत्येक व्हायरस निरपवादपणे ओळखील अशी आज्ञावली असूच शकत नाही. म्हणून अँटिव्हायरस हा पहारा आहे, अभयपत्र नव्हे. पहाऱ्याची ही विद्या महाराष्ट्रात कशी रुजली, तेही सांगण्यासारखे आहे. पुण्यात कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून आरंभ करणारे कैलास काटकर ह्यांच्या दुकानात जे संगणक येत, त्यांत व्हायरसचा उपद्रव वारंवार आढळे. त्यावर त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांनी उतारा लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी वाढली. दुरुस्तीच्या मेजावरूनच बंदोबस्ताचे शास्त्र उगवते, हे येथेही दिसते.

पुढे हल्लेखोरांचा हेतू कौतुकाकडून द्रव्याकडे वळला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली आणि ब्रिटनमधील रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवण्याची वेळ आली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच उपलब्ध केली होती. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ती बसवली नाही त्यांनी किंमत मोजली. त्याच वर्षी २७ जूनच्या अशाच दुसऱ्या हल्ल्यात न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज खोळंबले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून २८ देशांतील एटीएम यंत्रांवाटे व परदेशी हस्तांतरणावाटे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. परदेशातील उपद्रव म्हणून ह्या विषयाकडे पाहण्याची मुभा त्यानंतर महाराष्ट्रास राहिली नाही.

संरक्षण कसे करावे ह्याविषयीही मतभेदांची परंपरा आहे. दोष उघड बोलावा की झाकून ठेवावा, हा वाद संगणकाहून जुना. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स ह्या अमेरिकन कारागिराने अभेद्य म्हणून गाजलेली इंग्रजी कुलुपे उघडून दाखवली, तेव्हा चोरांना शिकवल्याचा ठपका त्याच्यावर आला. चोरांना हे आधीच ठाऊक आहे, अज्ञानात आहेत ते सज्जन, असे त्याचे उत्तर होते. १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहोफ्स ह्यांनी सांकेतिक लेखनाविषयी तोच विचार शास्त्रीय रूपात मांडला : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त असल्याने ती टिकली पाहिजे. आज निर्मात्याला आधी खाजगीत कळवून ठरावीक मुदतीनंतर दोष प्रसिद्ध करण्याचा मध्यममार्ग पुष्कळांना मान्य आहे. पासवर्डांविषयीही मते पालटली. अमेरिकेच्या मानकसंस्थेने पूर्वी चिन्हे, अंक व वारंवार बदल ह्यांवर दिलेला भर २०१७ च्या नव्या मार्गदर्शिकेत सोडला, कारण सक्तीने बदलायला लावलेले पासवर्ड लोक ठरावीक साच्यात बदलतात. त्यापेक्षा लांब, आठवणारा आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळा पासवर्ड अधिक बळकट ठरतो. शास्त्र आपला जुना सल्ला प्रांजळपणे मागे घेते, ही त्याची अप्रतिष्ठा नसून प्रतिष्ठा आहे.

ह्या सर्वांत आजची निकड मात्र यंत्राहून मनुष्याशी अधिक निगडित आहे. कुलूप फोडण्यापेक्षा धन्याकडूनच दार उघडवून घेणे चोरास सोपे वाटू लागले आहे. ‘आज रात्री आपली वीज तोडली जाईल’ असा संदेश येतो. लग्नपत्रिकेच्या नावाखाली मोबाइलमध्ये एक ॲप शिरते. पैसे पाठवतो असे सांगून यूपीआयचा पिन विचारला जातो, वास्तविक पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि गणवेशातील मनुष्य व्हिडिओवर अवतरून वृद्ध दांपत्याला ‘डिजिटल अटक’ झाल्याचे बजावतो व तासन्‌तास कॅमेऱ्यापुढून हलू देत नाही. भारतातील कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. कोणतेही सरकारी खाते व्हिडिओवरून चौकशी करून रक्कम ‘पडताळणीसाठी’ आपल्या खात्यात मागवीत नाही. ह्या फसवणुकींचे बाह्यरूप दर महिन्यास पालटते, परंतु घाट एकच असतो : प्रथम अधिकाराचा धाक, मग वेळेची टंचाई, मग कोणाला सांगू नका असा हुकूम. हे तीन जेथे एकत्र येतात, तेथे समोरचा कोणीही असो, संभाषण तोडून ज्या संस्थेचे नाव घेतले तिच्याशी आपल्याजवळच्या खात्रीच्या क्रमांकावर स्वतः बोलणे, हा निरपवाद नियम आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे काही ब्राउझरांत दिसणारे कुलपाचे चिन्हही येथे तारीत नाही. मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचणार नाही एवढीच हमी ते देते, पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे अशी देत नाही.

कायद्याने काही साधने दिली आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली झाला. आणि रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसता खात्यातून रक्कम गेली आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडत नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० ह्या मदतक्रमांकावर तत्काळ फिर्याद केल्यास रक्कम पुढील खात्यांतून काढली जाण्याआधी गोठवण्याची संधी असते. ह्या सर्व तरतुदी वेळेवर अवलंबून आहेत, आणि वेळ वाया जातो तो लाजेमुळे. सुशिक्षित असून फसलो, मुले काय म्हणतील, ह्या विचारात जी रात्र जाते तीच चोराला पुरते. म्हणून फसलेल्याला बोल लावणारा प्रत्येक मनुष्य नकळत चोराचा साहाय्यक होतो, हे मी कठोरपणे म्हणतो आणि त्यातील एक शब्दही मागे घेऊ इच्छीत नाही.

तिसरी शाखा वार्तांची. मराठीत नव्या विद्येची वार्ता देण्याची परंपरा बाळशास्त्री जांभेकरांच्या १८४० मधील ‘दिग्दर्शन’ मासिकापर्यंत मागे जाते; १९२८ साली सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ने ती चालवली, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने तिला संस्थेचे बळ दिले, आणि अच्युत गोडबोले ह्यांच्यासारख्या लेखकांनी संगणकविद्या मराठी घरांत नेली. त्या परंपरेचा विशेष असा की तिला चमत्कारापेक्षा कारण सांगण्यात गोडी होती. सांप्रत तंत्रवार्तांचा ओघ प्रचंड आहे, पण त्यात नव्या वस्तूची जाहिरात आणि नव्या संकटाची भीती हे दोनच सूर उंच लागतात. वाचकाने बातमीला चार प्रश्न विचारावेत : हे माझ्या यंत्राला लागू आहे काय; दोष उघडकीस आला आहे की त्याचा गैरवापरही सुरू आहे; दुरुस्ती उपलब्ध आहे काय; आणि मी आज काय करावयाचे. विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही बातमी ह्या कसोटीला उतरते, कारण ती वाचून कृती करता येते. जी बातमी ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, ती मनोरंजन असेल, मार्गदर्शन नव्हे.

२०२४ ह्या एका वर्षातील दोन घटना तिन्ही शाखांचे ऐक्य पुरते सिद्ध करतात. १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवासपत्रे वाटावी लागली, आणि पुष्कळ यंत्रांसाठी इलाज ठरला तो दुरुस्ती-कारागिराचा जुनाच : यंत्र ‘सेफ मोड’मध्ये उघडा आणि ती एक फाइल काढून टाका. पहारेकऱ्याच्याच हातून बिघाड झाला, हल्ल्याची अफवा बातमीच्या पुढे धावली, आणि शांतपणे कारण शोधणारेच उपयोगी पडले. त्याआधी मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग घेताना ‘एक्सझेड’ ह्या असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या सामग्रीत कोणी दीर्घ तयारीने लपवलेले चोरदार सापडले, आणि ते सर्वदूर पसरण्याआधी बंद झाले. ७५ सेंट आणि अर्धा सेकंद ह्यांमध्ये ३८ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी जगाला उपयोगी पडले ते क्षुल्लक विसंगतीला क्षुल्लक न मानणारे मन.

असे मन घडवण्यास साहाय्य व्हावे, एवढी ह्या संग्रहाची आकांक्षा आहे. त्यातील लेखांची मांडणी उपकरणांच्या नावांवरून न करता वाचकाला पडणाऱ्या प्रश्नांवरून केली आहे; कारण उपकरणे पालटतात, पण ‘हे काल चालत होते, आज का चालत नाही’, ‘हा मनुष्य खरा कशावरून’ आणि ‘ह्या बातमीचे मी काय करू’ हे प्रश्न टिकतात. प्रत्येक ठिकाणी कृतीबरोबर कारण दिले आहे, जेणेकरून पडद्यावरील बटणाची जागा बदलली तरी वाचक अडू नये. जेथे स्वतः हात घालणे धोक्याचे आहे, जसे की फुगलेली बॅटरी, वीजपुरवठ्याचा भाग किंवा खरखर करू लागलेली आणि एकमेव प्रत साठवणारी हार्ड डिस्क, तेथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे, असे स्पष्ट सांगितले आहे. महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा उपदेश पुनःपुन्हा येतो; ती पुनरुक्ती हेतुपुरस्सर आहे, कारण यंत्राचा बिघाड, खंडणीखोर आणि घरातील आग ह्या तिन्ही आपत्तींवर हाच एक समान उपाय आहे. तज्ज्ञ होण्यासाठी हा संग्रह नाही, आणि ह्यात सांगितलेले सर्व तपशील कायम टिकतील असा दावाही नाही. ज्या विचारपद्धतीने ते काढले तिची ओळख व्हावी, एवढे पुरे आहे.

शेवटी एक विनंती जाणत्यांना आणि एक नवशिक्यांना. नवशिक्याने मदत मागण्यापूर्वी पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून घ्यावा, शेवटचा बदल कोणता केला ते आठवावे, आणि मग निःसंकोच विचारावे. अशा रीतीने विचारलेला प्रश्न अर्धा सुटलेला असतो. जाणत्याने उत्तर देताना विचारणाऱ्याच्या हातून यंत्र ओढून घेऊ नये. तो स्वतः करील आणि आपण शेजारी बसू, एवढा धीर धरावा, आणि त्याची चूक चार लोकांत सांगू नये. घरातील आजीने ‘हा संदेश खरा आहे का रे?’ असे तिसऱ्यांदा विचारले, तरी तिसऱ्यांदा तितक्याच आदराने उत्तर देणाऱ्या नातवाने जे संरक्षण उभे केले, ते कोणत्याही विकत घेतलेल्या आज्ञावलीहून भक्कम आहे; कारण चौथ्या वेळी, खरोखरीचा चोर दारात असताना, ती विचारल्यावाचून पैसे पाठवणार नाही.